आधार कार्डाची नाडी

बीड जिल्ह्यात सगळ्यात जास्त चालणारं निदान कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात छापलेलं नाही. ‘वय झालंय आता.’ धाप लागो, गुडघा दुखो, की पायाची धमनी गुठळीनं ठप्प होवो, निदान तेच. त्याला एक्स-रे लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही, खुर्चीतून उठावंही लागत नाही. केसपेपरवर वयाचा रकाना असतो. त्यात ७९ दिसलं की पुढचं शास्त्र आपसूक लिहून होतं, आणि सही करायला पुतण्या बाहेर उभाच असतो.

आज मी पायापुरतंच बोलणार आहे. हातापायाची धमनी अचानक बंद पडली, तर बारीक नळी घालून गुठळी विरघळवणारं औषध थेट त्या गुठळीत सोडता येतं. उपचार नवा नाही, जादूचा नाही, बिनधोक तर अजिबात नाही. पण आपल्याकडं त्याच्या दारात एक रखवालदार बसलाय, आणि तो पाय बघत नाही. आधार कार्ड बघतो.

मग त्या आधार कार्डाचीच कुंडली मांडू. ज्या आकड्यावर माणसाचा पाय राहणार की जाणार हे ठरतं, तो आकडा आला कुठून?

कार्तिकीला कपिलधारला जा. मांजरसुंब्याहून आत वळायचं, बालाघाटाच्या डोंगरात उतरायचं, वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीला जायचं आणि दर्शनाच्या रांगेतल्या कुठल्याही आज्जीला वय विचारायचं. ती आकडा सांगत नाही, इतिहास सांगते. ‘रझाकारात मी मायच्या कडंवर होते.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, तवा थोरला पोटात व्हता.’ हे खरं वय. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची, दुष्काळ १९७२ चा. एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस दोन-तीन वर्षांच्या फरकानं हिशेब लावील. आणि कार्डावर? कार्डावर १ जानेवारी, नाहीतर १ जून. आमच्या अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो दिवस सरसकट बहाल केला. ज्या शाळेची पायरीच चढल्या नाहीत, त्यांना जन्मतारीख दिली कार्ड काढणाऱ्या पोरानं. तोंडाकडं बघितलं, म्हणाला, ‘आज्जी, सत्तर टाकू का?’ आज्जी म्हणाली, ‘टाक बाबा तुझ्या मनानं.’ झाली जन्मनोंद. ब्रह्मदेवाला तरी यापेक्षा जास्त वेळ लागत असेल.

त्यात श्रावणबाळ योजना. पासष्ट पुरी झाल्याशिवाय ‘पगार’ चालू होत नाही. मग बासष्टच्या बाईला गावातल्या कार्यकर्त्यानं पासष्टची केली. तिनं तीन वर्षं उसनी घेतली, सरकारनं मंजूर केली, कुणाचं काही बिघडलं नाही. ती उसनी वर्षं एक दिवस दवाखान्यात वसूल होतात, आणि व्याजात पाय जातो.

आणि या आकड्यावर तुम्ही वैद्यकशास्त्र चालवणार? रक्तदाब दोनदा मोजता. साखर उपाशीपोटी एकदा आणि जेवून एकदा बघता. वय मात्र झेरॉक्सवरून?

बरं, पायात नेमकं होतं काय? गुठळी बहुधा दोन वाटांनी येते. एक म्हणजे हृदयातून निसटून. ठोके वेडेवाकडे पडत असतील, किंवा लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेली असेल, तर आत रक्त साकळतं, त्यातला तुकडा वाहत खाली येतो आणि मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या फाट्यावर अडकतो. दुसरी वाट संथ. साखर, बिडी आणि तंबाखू यांनी धमनी वर्षानुवर्षं आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस उरलेल्या फटीतही रक्त गोठतं. पाय एकाएकी ठणकतो, पांढराफटक पडतो, गार होतो, मुंग्या येतात, मग बधिर होतो, शेवटी बोटं हलेनाशी होतात. हे ओळखायला यंत्र लागत नाही. हाताची उलटी बाजू आधी एका पावलाला लावा, मग दुसऱ्या. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत, पावलाच्या वरच्या बाजूला, दोन बोटं हलकेच टेकवा. नाडी लागते का? घोट्याच्या आतल्या हाडामागं लागते का? या पायात कुठंच लागत नाही, दुसऱ्यात लागते, आणि बाई कालपर्यंत खुरपायला जात होती, तर समजा की घड्याळ सुरू झालंय. रक्तावाचून स्नायू आणि नसा साधारण सहा तास तग धरतात, असं धरून चालतात.

या सहा तासांत आपण काय करतो? तेल चोळतो. मग विटकर तापवून शेक देतो. बधिर पायाला शेक! कातडी भाजून निघते आणि बाईला पत्ताही लागत नाही. मग गावातला डॉक्टर ‘वाताचं’ इंजेक्शन टोचतो. मग शेजारी कुणीतरी ‘सायटिका असंल’ म्हणतं, कारण हल्ली खेड्यात कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांचं ते एकच शास्त्रीय नाव आहे. मग रात्र होते. सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून ‘पुढं न्या’. पुढं म्हणजे सव्वाशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आशियातलं पहिलं म्हणून आम्ही ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. पण रक्तवाहिन्यांचा सर्जन ही जमात मोठी शहरं सोडून सहसा खाली उतरत नाही. ज्या जिल्ह्यानं रेल्वेची वाट पिढ्यानपिढ्या बघितली आणि अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला बीडच्या स्टेशनात गाडी पाहिली, त्याला सहा तास म्हणजे किती घाईचे, हे पटवून देणार कोण?

एवढं सगळं करून मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचलं, की पहिला प्रश्न काय? पाय कधीपासून गार आहे? बोटं हलतात का? छे. ‘पेशंटचं वय काय?’

मागं अशाच एका दारात मी नातेवाईक म्हणून उभा होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्यांना वाटेल आपण सुटलो. डॉक्टर तरुण, कोट कडक इस्त्रीचा, मागच्या भिंतीवर धन्वंतरी. पायावरची चादर बाजूला करायच्या आधी त्यांनी फाईल उघडली आणि वय वाचलं. मग चेहऱ्यावर अशी काही करुणा आणली की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं. ‘काका, या वयात फार ॲग्रेसिव्ह व्हायला नको. आजींना कम्फर्टेबल ठेवू.’

मी विचारलं, ‘म्हणजे करायचं काय?’

‘गुडघ्याच्या वरून घेऊ.’

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. जांघेतून दोन मिलिमीटरहून बारीक नळी घालणं हे ‘ॲग्रेसिव्ह’. मांडीचं हाड करवतीनं कापणं हे ‘कम्फर्टेबल’. कापायचं असेल तेव्हा भूल चालते, हृदय चालतं, किडनी चालते, वयही चालतं. वाचवायचं म्हटलं की एकदम सगळे अवयव वृद्ध होतात. न्यायशास्त्रात अशा तर्काला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्याकडं त्याला ‘आपलं काम हलकं करणं’ म्हणतात.

आमचा शेतकरी याहून बरा वैद्य आहे. ठिबकची नळी क्षारानं तुंबली की तो ॲसिड सोडतो. मोजून सोडतो, कारण जास्त झालं तर मुळं जळतात हे त्याला ठाऊक असतं. पण सोडायच्या आधी तो आंब्याला ‘तुझं वय किती’ असं विचारत बसत नाही. जुनं, लागतं झाड असेल, तर उलट हातातलं काम टाकून पळतो.

आता जरा इतिहास, कारण वयाचा बाऊ करणारे नेहमी शास्त्राच्या नावानं बोलतात. १९३३ मध्ये अमेरिकेत विल्यम टिलेटनं दाखवलं की घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून निघणारा एक पदार्थ रक्ताची गुठळी विरघळवतो. तोच पुढं स्ट्रेप्टोकायनेज झाला. गंमत बघा: याच कुळातला जंतू लहानपणी संधिवाताचा ताप आणतो, झडप बिघडवतो आणि म्हातारपणी पायाला गुठळी धाडतो, आणि उताराही त्याच घराण्यातून येतो. हे औषध नंतर आपल्याकडंही तयार झालं, चंडीगडच्या इम्टेक संस्थेत गिरीश साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलं. पायासाठी आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी अल्टेप्लेज वापरतात. 

आणि आता त्या बाईंची गोष्ट, जी प्रत्येक ‘वय झालंय’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर फ्रेम करून ठेवावी. १६ जानेवारी १९६४. अमेरिकेतलं पोर्टलंड शहर. एका बाईचा पाय दुखतोय, बोटं काळी पडलीत, जखम भरत नाही. सर्जन म्हणाले, कापा. बाई म्हणाली, नाही. पर्याय म्हणून तिला चार्ल्स डॉटर नावाच्या एका विक्षिप्त क्ष-किरणतज्ज्ञाकडं पाठवलं. या माणसाकडं सर्जन रुग्ण पाठवायचे तेही बजावून, की नुसते फोटो काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. डॉटरनं दुरुस्ती केली. मांडीतल्या अरुंद धमनीत एकाहून एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय गरम झाला, जखम भरली, आणि बाई पुढं दोन-अडीच वर्षं, मरेपर्यंत, स्वतःच्या दोन पायांवर चालली. चीरफाड न करता नळीनं धमनी उघडण्याची जगातली ही पहिली वेळ. आज हृदयाची जी अँजिओप्लास्टी बाराशे फुटांच्या होर्डिंगवर छापतात, तिची ही आजी.

वय? ८२.

म्हणजे ज्या विद्येच्या जिवावर ही हॉस्पिटलं उभी आहेत, तिचा जन्मच एका ८२ वर्षांच्या हट्टी बाईच्या पायात झाला. आणि त्याच हॉस्पिटलात आज ७९ च्या बाईला सांगतात, आता काय करायचंय! याच डॉटरनं दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, नळीतून थोडं थोडं स्ट्रेप्टोकायनेज थेट गुठळीत सोडायची युक्ती मांडली. त्याआधी १९६३ मध्ये थॉमस फोगार्टीनं टोकाला फुगा असलेली नळी आणली होती: गुठळीच्या पलीकडं न्यायची, फुगवायची, ओढायची, गुठळी बाहेर. हे काम बऱ्याचदा जागा बधिर करूनही होतं, म्हणजे ‘भूल सोसणार नाही’ हे तुणतुणंही फार वाजवता येत नाही.

हृदयाचं बघा. झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवरचा आयसिस-२ हा प्रचंड अभ्यास १९८८ मध्ये छापून आला, त्यात वयाची वरची मर्यादाच नव्हती आणि स्ट्रेप्टोकायनेजचा फायदा म्हाताऱ्यांनाही झाला. मेंदूचं तर प्रहसनच. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याच्या महत्त्वाच्या अभ्यासांतून ऐंशीपुढच्यांना बाहेर ठेवलं. मग विचारलं, यांना फायदा होतो याचा पुरावा कुठाय? पुरावा नाही. का नाही? घेतलंच नव्हतं. का नाही घेतलं? पुरावा नव्हता. अशी ही वर्तुळाकार विद्वत्ता बरीच वर्षं नांदली. अखेर २०१२ मध्ये आयएसटी-३ अभ्यासात ३,०३५ रुग्ण घेतले, त्यात निम्म्याहून जास्त ऐंशीपुढचे. आणि त्यांना होणारा फायदा इतरांपेक्षा कमी नव्हता. हृदयाला न्याय मिळाला, मेंदूला मिळाला. पाय मात्र सावत्रच राहिला. छातीत कळ आली की सत्तरीच्या बप्पांना दहा मिनिटांत इंजेक्शन. पाय गार पडला की त्याच बप्पांचं वय निघतं.

‘पण रक्तस्राव होतो ना!’ होतो. मी कुठं नाही म्हणतोय? गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला आपली गुठळी कुठली आणि मेंदूतल्या नाजूक नळीला बसलेलं ठिगळ कुठलं, हे कळत नाही. पायाच्या गुठळीवरच्या १९९८ च्या टोपास अभ्यासात ५४४ रुग्ण होते. मोठा रक्तस्राव औषधवाल्यांत १२.५ टक्के, शस्त्रक्रियावाल्यांत ५.५. मेंदूत रक्तस्राव औषधवाल्यांतल्या १.६ टक्के लोकांना झाला. ब्रिटनमध्ये हे औषध दिलेल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या नोंदी २००४ मध्ये छापून आल्या: महिनाअखेर चारांतले तीन पायासकट जिवंत, उरलेल्यांत निम्म्यांचा पाय गेला, निम्म्यांचा जीव. आणि हो, म्हाताऱ्यांत मृत्यू जास्त. वय वाढलं की मरण जवळ येतं, हा शोध लावायला ब्रिटनला जायचं कारण नव्हतं. आमच्या कीर्तनकारांनी तो केव्हाच लावलाय.

पण तो धोका तुम्ही मोजताय कशाच्या तुलनेत? चाळिशीतल्या पैलवानाच्या? त्या आज्जीपुढं पैलवान व्हायचा पर्याय नाही हो. तिच्यापुढं आहे ती करवत, किंवा मोठी शस्त्रक्रिया, किंवा घरी नेऊन पाय सडू देणं. १९९४ मध्ये रॉचेस्टरला केनेथ ओरिएल आणि सहकाऱ्यांनी ११४ रुग्णांचे दोन गट केले, एकाला विरघळवायचं औषध, दुसऱ्याला थेट शस्त्रक्रिया. वर्षाअखेर पाय वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडं सारखं, ८२ टक्के. पण जिवंत किती? औषधाच्या गटात ८४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ५८. फरक पडला तो मुख्यतः शस्त्रक्रियेच्या आसपास हृदय आणि फुफ्फुसं खचल्यानं. टोपासमध्ये जगण्यातला हा फरक पुन्हा दिसला नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी हुशार ते पत्रातून कळवील. पण मुद्दा लक्षात आला ना? ज्याचं हृदय दुबळं, ज्याला मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्याच्यासाठीच तर ही नळी विचारात घ्यायची. आणि नेमकं त्यालाच, दुबळा आहे म्हणून, नळी नाकारायची!

हा उपचार कुणाला द्यायचाच नाही, याची यादी तज्ज्ञांनी केव्हाच करून ठेवलीय. सध्या कुठं रक्त वाहतंय. गेल्या दोन महिन्यांत पक्षाघात झालाय. गेल्या दहा दिवसांत पोटातून रक्त गेलंय. गेल्या तीन महिन्यांत मेंदूची शस्त्रक्रिया किंवा डोक्याला जबर मार. या यादीत ‘१ जूनचा जन्म’ कुठंच नाही. वय बघू नका असं कुणी म्हणत नाही. रक्तदाब, किडनी, पूर्वीचे आजार यांच्याबरोबर तेही तराजूत टाका. पण तराजूत टाका, दाराला कुलूप म्हणून लावू नका.

खरा निर्णय पाय देतो. १९९७ पासून सगळीकडं चालणारी रदरफोर्डची वर्गवारी आहे. पहिल्या वर्गातला पाय सुखरूप. दुसरा धोक्यात, त्यातही ‘अ’ म्हणजे थोडा वेळ आहे आणि ‘ब’ म्हणजे अजिबात नाही. तिसरा मेलेला. औषधाला गुठळी विरघळवायला बारा-चोवीस तासही लागतात, त्यामुळं ते मुख्यतः पहिल्याला आणि दुसऱ्याच्या ‘अ’ला. ‘ब’ असेल तर फुगा, शस्त्रक्रिया, जे हाताशी असेल ते, पण लगेच. तिसरा असेल तर मात्र कापणंच शहाणपणाचं. मेलेल्या पायात रक्त सोडलं तर त्यातलं विष अंगभर जातं आणि माणूस दगावतो. ते सांगणारा डॉक्टर क्रूर नसतो. पण त्यानं बोटं हलवून पाहिलेली असतात, रक्ताचा प्रवाह ऐकवणारा डॉप्लर लावलेला असतो. पायावरची चादर काढलेली असते.

आणि तरुण धमनी म्हणजे चांगली धमनी, असं तरी कुठंय? बिडीच्या नादानं पस्तिशीतल्या ऊसतोड्याची बोटं काळी पडतात. बर्गरचा आजार म्हणतात त्याला, १९०८ पासून माहीत असलेला. तिथं हे औषध फारसं कामाला येत नाही. बिडी सोडणं हाच मुख्य उपाय. पण त्याच्या केसपेपरवर वय ३५, म्हणून सगळे धडपडतात. धडपडलंच पाहिजे. फक्त शेजारच्या खाटेवरच्या ७९ कडंही बघा, तिची धमनी कदाचित त्याच्याहून बरी असेल.

आता डॉक्टरांना झोडपून झालं म्हणून नातेवाईकांनी हसायचं कारण नाही. दवाखान्यात ‘वय’ हा शब्द डॉक्टर उच्चारतो, पण तो ऐकायला उत्सुक कोण असतं? पुतण्या आधी कोपऱ्यात फोनवर बोलून येतो, मग मान खाली घालून म्हणतो, ‘डॉक्टरसायेब, तुम्ही म्हणताल तसं. तसं बी वय झालंच की.’ डॉक्टरला तेच हवं असतं, पुतण्यालाही तेच. दोघं एकमेकांच्या तोंडून आपलं वाक्य वदवून घेतात आणि निर्णय ‘सर्वानुमते’ होतो. खाटेवरच्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. ती शुद्धीत आहे, तिला ऐकू येतं, तिच्या नावावर अजून सात-बारा आहे. पण पाय कुणाचा, हे बाहेरच्या खोलीत ठरतं.

आणि हाच पुतण्या कार्तिकीला दिंडीत! नांदेड-लातूरकडून चालत येणाऱ्या दिंड्या कपिलधारला पोचतात, तेव्हा त्यात सत्तरी-पंच्याहत्तरीचे पाय किती असतात ते जरा खाली वाकून मोजा. भेगाळलेले, धुळीनं माखलेले, पण चालणारे. लोक त्या पायांवर डोकं ठेवतात, पुण्य लागतं म्हणून. ज्या वीरशैव समाजाचे गुरू डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर स्वतः एमबीबीएस होते आणि शंभरी ओलांडून २०२० मध्ये गेले, त्या समाजातल्या घरात ७९ ला ‘लई झालं’ म्हणायचं? पाया पडायला वय जितकं जास्त तितकं बरं. पाय वाचवायला मात्र ते आडवं येतं.

सरकारचं तर विचारूच नका; तिथं डावा हात उजव्याला ओळखत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट. म्हणजे राज्याचं म्हणणं असं की म्हाताऱ्यांनी फिरावं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. म्हणजे केंद्राचं म्हणणं असं की म्हाताऱ्यांनी बरं व्हावं. नावातच वय, त्यातही वंदना! ते कार्ड घेऊन बाई दवाखान्यात जाते आणि तिथं त्याच वयापोटी तिला परत पाठवतात. मग पाय गेला की मुख्यमंत्री वयोश्री योजना: पासष्टीपुढच्यांना काठी, वॉकर, खुर्ची असलं साहित्य घ्यायला एकरकमी तीन हजार रुपये. पाय वाचवायला पाच लाखांचं कार्ड, ते चालत नाही. पाय गेल्यावर तीन हजारांची काठी, ती लगेच मिळते. आणि फुकट एसटीच्या पायऱ्या एका पायानं कशा चढायच्या, याचा शासन निर्णय अजून निघायचाय.

विधानसभेच्या तिकिटाला कधी वय आडवं आलेलं ऐकलंय? ऐंशीच्या घरातले नेते नवा पक्ष काढतात, सभा घेतात, पावसात भिजतात. त्यांचा पाय गार पडला, तर कुठला डॉक्टर ‘कम्फर्टेबल ठेवू’ म्हणेल? हेलिकॉप्टर उतरेल. उतरू दे, माझी तक्रार नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर निदान वेळेवर १०८ उतरावी, एवढंच.

तर वाचकहो, तुम्ही हुशार आहात, म्हणून चार गोष्टी रोखठोक. घरात कुणाचा पाय एकाएकी गार आणि पांढरा पडला तर तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. कधीपासून, ती वेळ कागदावर लिहायची आणि निघायचं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारायचं, ‘हिपॅरिन देता येतं का?’ गुठळी वाढू नये म्हणून ते इंजेक्शन पुढं पाठवायच्या आधीच देण्याची पद्धत आहे, आणि ते द्यायला संभाजीनगर लागत नाही. मोठ्या दवाखान्यात विचारायचं, ‘पाय कुठल्या वर्गात आहे? औषध, फुगा, शस्त्रक्रिया, यातलं काय होऊ शकतं, आणि होऊ शकत नसेल तर का?’ आणि हे सगळं बाईच्या खाटेशेजारी उभं राहून, तिला ऐकू जाईल असं. तिनं स्वतः ‘नको’ म्हटलं, तर तिचं ऐका. तो तिचा हक्क. आरोग्य खात्याला एक विनंती: कार्तिकीच्या यात्रेत कपिलधारला रक्तदाब आणि साखर तपासाल, तेव्हा टेबलावर एक खिशात मावणारा डॉप्लरही ठेवा. अख्ख्या जिल्ह्याचे पाय त्या दिवशी तुमच्याकडं स्वतःहून चालत येतात.

आणि तरीही कुणी म्हणालं, ‘वय झालंय’, तर भांडू नका. फक्त सांगा की हेच कारण केसपेपरवर लिहा, ‘वयामुळे उपचार नाकारला’ असं, खाली सही आणि शिक्का मारून. मी आजवर ते लिहून देणारा डॉक्टर पाहिलेला नाही.